संडासाची सफाई : भांडायचेच तर क्रमावरून भांडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सार्वजनिक शौचालयांच्या दुरवस्थेवर वाचकांची पत्रे आपल्याकडे नेहमी येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु घरातल्या संडासाविषयी सहसा कोणी लिहीत नाही, कारण तो विषय चारचौघांत काढू नये असा संकेत आहे. घरात मात्र तो दर रविवारी निघतो. सासूबाईंना अ‍ॅसिड ओतल्याशिवाय संडास धुतल्यासारखा वाटत नाही, सुनेला त्या वासाने खोकल्याची उबळ येते म्हणून ती ब्लीचचा आग्रह धरते, सासऱ्यांना फिनाईलचे दुधट पाणी लादीवर पसरलेले दिसले की समाधान वाटते, आणि मुलगा मोबाइलवर पाहिलेला व्हिनेगर-सोड्याचा उपाय दारात उभा राहून सांगतो, ब्रश मात्र हातात घेत नाही. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे आमच्या सोसायटीतले हे खटले निवाड्यासाठी माझ्याकडे येत असतात. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की हे सगळे वाद कोणती बाटली आणायची यावर होतात आणि बहुतेकांची बाटली आपापल्या कामापुरती बरोबर असते. चुकतो तो वापरण्याचा क्रम, आणि दोन बाटल्यांमध्ये ठेवायचे अंतर.

भांड्यावर साचणाऱ्या पिवळट थराचेच उदाहरण घ्या, कारण निम्मी भांडणे त्यावरून होतात. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या धरणांतून मिळणारे पाणी पावसाचे आणि म्हणून मऊ असते; पण अनेक इमारतींत फ्लशसाठी वेगळी टाकी असते आणि तीत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी भरले जाते. (आम्ही राहतो भांडुपला. शहराचे पाणी शुद्ध करणारे संकुल इथून हाकेच्या अंतरावर, पण आमच्या फ्लशला बोअरचेच पाणी!) या पाण्यातले क्षार आणि लघवीतले क्षार मिळून भांड्यावर खरखरीत कवच तयार होते. ते साबणाने जात नाही, फिनाईलने जात नाही, आणि ब्लीचने त्याचा फक्त रंग उडतो. भांडे पांढरेशुभ्र दिसते, थर तसाच राहतो. तो आम्लानेच विरघळतो. तेव्हा अ‍ॅसिडचा आग्रह धरणारी सासू इथे चुकलेली नाही.

हा थर केवळ दिसायला वाईट असता तर मी त्यावर इतके लिहिले नसते. जुलाब घडवणाऱ्या साल्मोनेला या जंतूंचा संसर्ग होऊन गेलेल्या घरांतील संडासांची तपासणी इंग्लंडमधील संशोधकांनी केली होती आणि ती 2000 साली प्रसिद्ध झाली. रुग्णाचे जुलाब थांबल्यानंतरही काही घरांत भांड्याच्या कडेखालच्या थरात ते जंतू आठवडेच्या आठवडे टिकून होते, कारण नेहमीचे क्लीनर तिथपर्यंत नीट पोहोचतच नव्हते. आपण घासतो ती भांड्याची दर्शनी बाजू, आणि पाणी जिथून सुटते ती कडेखालची खोबण राहून जाते. जुना छोटा आरसा कडेखाली धरून एकदा पाहावे. किती थर बसला आहे ते दिसले, की घरातला अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता सुनेची बाजू. दुकानात मिळणारे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, आणि जंतू मारण्यात ते खरोखर प्रभावी असते; मात्र त्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मळ असलेल्या जागी ते ओतले तर त्याची बरीचशी ताकद त्या मळावरच खर्च होते, म्हणून आधी साबण लावून, ब्रशने घासून, पाणी ओतून जागा स्वच्छ करायची आणि मगच ब्लीच घालायचे. शिवाय ते घालून दहा मिनिटे थांबायचे. आमच्याकडे घालण्याची घाई आणि धुऊन टाकण्याची त्याहून अधिक घाई, कारण पाणी जाण्याची वेळ झालेली असते! ब्लीच उन्हात व उष्णतेत हळूहळू निकामी होते, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर वर्षभर ठेवलेल्या बाटलीवर फारसा भरवसा ठेवू नये. पाच टक्के ताकदीच्या ब्लीचच्या एका भागात एकोणपन्नास भाग पाणी घातले तर एक दशांश टक्क्याचे द्रावण होते आणि पृष्ठभाग पुसायला ते पुरते. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तर संडासासाठी एकास नऊ हे प्रमाण ठेवावे. द्रावण त्या दिवसापुरतेच करावे, उरवून ठेवू नये.

परंतु सासू-सुनेने एकाच दिवशी, एकाच भांड्यात, आपापल्या बाटल्या रिकाम्या केल्या तर काय होते, हे बहुतेक घरांत ठाऊक नसते. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता, तोच हा वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि देशी पद्धतीच्या संडासात खराटा घेऊन उकिडव्या बसलेल्या बाईचे नाक नेमके तिथेच असते. आपल्याकडचे संडास जेमतेम चार फूट लांबीचे, खिडकी डक्टमध्ये उघडणारी, तिच्या काचा पावसाच्या भीतीने बंद आणि दारही ओढून घेतलेले. डोळे चुरचुरणे, घसा आवळल्यासारखा होणे, छातीत कोंडणे अशी लक्षणे दिसली तर वर आणखी पाणी किंवा फिनाईल ओतत तिथे थांबू नये; ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि त्रास कमी झाला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

यात एक फसवी गोष्ट आहे. 'आम्ही अ‍ॅसिड वापरतच नाही, निळे लिक्विड वापरतो,' असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. पण वाकड्या मानेच्या बाटलीतल्या त्या दाट निळ्या क्लीनरमध्ये बहुधा तेच हायड्रोक्लोरिक आम्ल असते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेले असते. म्हणजे निळे क्लीनर आणि ब्लीच ही जोडीही तितकीच घातक. लघवी साचलेल्या भांड्यात थेट ब्लीच ओतले तरी अमोनियामुळे त्रासदायक वायू तयार होतात, म्हणून सुरुवात नेहमी फ्लशने करावी. आमच्या घरी यावर तोडगा निघाला तो असा : रोज साबण आणि ब्रश, थर दिसू लागला की त्या रविवारी फक्त आम्लाचे क्लीनर, कडेखालून सोडून पंधरा-वीस मिनिटे ठेवून नंतर भरपूर पाणी, आणि ब्लीच लागलेच तर वेगळ्या दिवशी. सासू-सुनेचे वार वेगळे झाले आणि कुरबूरही कमी झाली.

राहिले सासरे आणि चिरंजीव. फिनाईलमध्ये जंतुनाशक गुण असतात, नाही असे नाही, पण त्याचा भर लोक वासावर ठेवतात. घासल्याशिवाय नुसते शिंपडलेले फिनाईल म्हणजे अंघोळ न करता लावलेले अत्तर. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घातले की जोरात फसफसते, आणि व्हिडिओत ते फार छान दिसते. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात व शेवटी उरते जवळपास नुसते खारट पाणी. त्यापेक्षा हलक्या थरावर नुसते व्हिनेगर रात्रभर ठेवावे, थोडा तरी उपयोग होतो.

झाकण पाडून फ्लश करावे की न पाडता, हा अलीकडचा वाद मला त्या मानाने गौण वाटतो. फ्लशबरोबर सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांतून जंतू बाहेर येऊ शकतात, हे अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी 1975 मध्येच दाखवले होते. त्यांच्याच गटाच्या 2024 मधील अभ्यासात, झाकण पाडल्याने विषाणूंचा फैलाव फारसा कमी होत नाही, जंतुनाशक घालून ब्रशने घासल्याने मात्र होतो, असे आढळले. झाकण पाडावे, त्यात तोटा काहीच नाही. फक्त तेवढ्याने घासण्यातून सुटका होत नाही. खरे दुर्लक्ष होते ते फ्लशचे बटन, जेटची मूठ, नळ आणि दाराची कडी यांच्याकडे. भांड्यात कोणी हात घालत नाही; या चार ठिकाणी घरातले सगळे घालतात, तेही हात धुण्याच्या आधी.

वासाची तक्रार आली की सगळे संडासाच्या भांड्याकडे पाहतात. पुष्कळदा दोष नहाणी ट्रॅपचा, म्हणजे न्हाणीघरातले पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचा असतो. त्या जाळीखाली थोडे पाणी साठून राहावे आणि त्याने खालच्या पाइपातला वायू व झुरळे अडवावीत, अशी त्याची रचना आहे. कुटुंब मे महिन्यात गावी गेले, किंवा पाहुण्यांसाठी ठेवलेले दुसरे न्हाणीघर वापरात नसले, की ते पाणी सुकते. मग कितीही फिनाईल ओता, वास जात नाही. एक तांब्या पाणी ओतले की जातो. ही बाब किरकोळ समजू नये. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत 2003 साली सार्स या श्वसनरोगाची लागण 300 हून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा न्हाणीघरांतले असे सुकलेले ट्रॅप हे त्यामागचे एक प्रमुख कारण ठरले होते.

आता थोडे नाजूक विषयाबद्दल. संडास धुतलेल्या व्यक्तीने अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ नये, असे आमच्या पिढीच्या बायका म्हणतात, आणि तरुण मुली त्याला सोवळ्याचा अवशेष म्हणतात. अंघोळीपूर्वी संडास धुणे सोयीचे आहे यात शंका नाही, अंगावर तुषार उडालेले असतात. पण ती सक्ती करण्याची गरज मला वाटत नाही. कोपरापर्यंत साबणाने नीट हात धुणे आणि संडासासाठी वेगळ्या रंगाचे हातमोजे व वेगळे फडके ठेवणे यांना अधिक महत्त्व आहे. अंघोळीचा आग्रह धरणाऱ्या घरातच कमोडची सीट आणि बेसिन एकाच फडक्याने पुसलेले मी पाहिले आहे.

आणि मुळात हे काम करते कोण? रत्नागिरीच्या तुरुंगात 1932 साली गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांना मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण करावे लागले, कारण ते काम जातीने ठरत होते. आज फ्लॅटमध्ये ते काम सुनेकडे किंवा घरकामाला येणाऱ्या बाईकडे जाते, आणि कोणते औषध वापरायचे हे ठरवतात मात्र इतर सगळे. कामाला येणाऱ्या बाईला हातमोजे न देता 'जरा जास्त अ‍ॅसिड टाक' असे सांगणारी सुशिक्षित घरे माझ्याच इमारतीत आहेत. वाद घालणाऱ्या प्रत्येकाने महिनाभर पाळीने ब्रश हातात घ्यावा, अशी अट मी आता निवाड्यापूर्वीच घालते. निम्मे वादी त्यावरच परत जातात.

शेवटी अ‍ॅसिडविषयी. अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये निर्बंध घातले : विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकू नये. तरीही थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेले, कोणतेही लेबल नसलेले अ‍ॅसिड सोसायट्यांच्या दारावर मिळते आणि मोरीखाली, लहान मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवलेले आढळते. त्याची तीव्रता किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. संगमरवर, लाद्यांमधले सांधे, फ्लशचा चकचकीत पाइप यांची त्याने वाट लागते ती वेगळीच.

सोसायट्यांच्या कमिट्यांनी अशा बिनलेबलाच्या बाटल्यांच्या विक्रीस फाटकावरच मनाई करावी. पावसाळ्यात डासांच्या अळ्या तपासण्यासाठी पालिकेचे कर्मचारी घरोघरी येतात, त्यांच्यामार्फत 'अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र करू नका' अशा मजकुराचे पत्रक देणे पालिकेला अवघड नाही. क्लीनर तयार करणाऱ्या कंपन्यांनी हीच सूचना बाटलीच्या दर्शनी बाजूस ठळक मराठीत छापावी, कारण ती वाचण्याची गरज ज्या बाईला सर्वाधिक आहे, तिला मागच्या बाजूचा बारीक इंग्रजी मजकूर वाचता येत नाही. दिवाळीच्या साफसफाईपूर्वी आपल्या दैनिकाने हीच सूचना चौकटीत छापली, तर ती आमच्या सोसायटीच्या फलकावर लावण्याची जबाबदारी माझी.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
भांडुप, मुंबई