निर्यातीच्या डिझेलला एक न्याय, आमच्या नौकेला दुसरा

प्रति,
मा. केंद्रीय पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

दिनांक : 29 जुलै 2022

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. रायगडच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यातून हे पत्र लिहीत आहे. आमची एक यांत्रिक नौका आहे. माझे पती तिचे तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, आहेत आणि तिचा हिशेब गेली पंधरा वर्षे मी ठेवते. पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. येत्या सोमवारी नौका पाण्यात जाईल. ती किती डिझेल घेऊन जाईल, याचा हिशेब काल रात्री मांडत असताना हे पत्र लिहिण्याचे ठरवले.

1 जुलै रोजी सरकारने पेट्रोल आणि विमान इंधनाच्या निर्यातीवर लिटरमागे 6 रुपये व डिझेलच्या निर्यातीवर 13 रुपये कर लावला, तेव्हा आमच्या धक्क्यावर खरोखर समाधान व्यक्त झाले होते. देशात पंप कोरडे पडत असताना इंधन बाहेर जाऊ नये, हा विचार अखेर दिल्लीत पोहोचला असे आम्हाला वाटले. ते समाधान तीन आठवडेही टिकले नाही. 20 जुलैला पेट्रोलवरील निर्यात कर पूर्ण काढला गेला, डिझेलवरचा 11 रुपयांवर आणला गेला आणि विशेष आर्थिक क्षेत्रातून होणारी निर्यात तर या करातून वगळण्यातच आली. जागतिक बाजारात भाव उतरले, हे कारण सांगण्यात आले. भाव उतरल्याची दखल निर्यातदारांसाठी तीन आठवड्यांत घेतली जाते. आमच्यासाठी ती मार्चपासून कोणी घेतलेली नाही.

मार्चमध्ये काय झाले ते सांगते. आम्ही डिझेल मच्छीमार सहकारी संस्थेच्या पंपावर घेतो. संस्था ते तेल कंपनीकडून टँकरने मागवते, म्हणून सरकारदरबारी ती घाऊक ग्राहक ठरते, रेल्वे आणि कारखान्यांच्या रांगेत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत रस्त्यावरच्या पंपावर डिझेल 94 रुपये 14 पैसे होते आणि घाऊक ग्राहकांसाठी ते 122 रुपये 5 पैसे झाले. लिटरमागे जवळजवळ 28 रुपयांचा फरक! आमच्या नौकेला एका फेरीला सुमारे 2,000 लिटर लागते. म्हणजे बर्फ, रेशन आणि खलाशांची उचल हे सगळे बाजूला ठेवले, तरी एका फेरीचा खर्च 55 हजारांनी वाढला. 2013 च्या जानेवारीत घाऊक डिझेलचे दर मोकळे केले तेव्हाही संस्थांच्या पंपांवर हेच झाले होते. त्यामुळे याची कल्पना नव्हती, असे मंत्रालयाला म्हणता येणार नाही.

मग आम्ही पिंप घेऊन रस्त्यावरच्या पंपावर गेलो. पिंपात डिझेल देता येत नाही असे सांगितले गेले आणि नियम म्हणून ते बरोबरही असेल. माझा दीर आणि मुलगा तीन दिवस तीन पंपांवर हात जोडत फिरले. एप्रिल-मे हे आमच्या वर्षाचे शेवटचे कमाईचे दिवस असतात, त्यात आमच्या दोन फेऱ्या बुडाल्या. खलाशांना दिलेली उचल परत मागता येत नाही, कारण ते पैसे त्यांच्या घरी कधीच खर्च झालेले असतात. लग्नातले गंठण मी गहाण ठेवले, ते अजून सुटलेले नाही. इतकी वर्षे हिशेब लिहिताना 'येणे' आणि 'देणे' हे दोनच रकाने मला पुरत होते. यंदा 'गहाण' असा तिसरा रकाना आखावा लागला. मे महिन्यात पतीने बंदीच्या आठ दिवस आधीच नौका ओढून घेतली. ते कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत.

महोदय, निर्यातीचे महत्त्व आम्हाला कळत नाही असे कृपया समजू नये. भारताच्या निर्यातीत अभियांत्रिकी मालाखालोखाल पेट्रोलियम पदार्थांचा क्रमांक लागतो. 2021-22 मध्ये सुमारे 6 कोटी टन पेट्रोलियम पदार्थ देशाबाहेर गेले. कच्चे तेल विकत आणायचे, जामनगरसारख्या प्रचंड शुद्धीकरण केंद्रात ते गाळायचे आणि तयार माल जगाला विकायचा, यातून डॉलर येतात, रोजगार राहतो, आयातीच्या बिलाचा काही भार हलका होतो. पण त्या वर्षी कच्च्या तेलाच्या आयातीवर सुमारे 119 अब्ज डॉलर खर्च झाले. बाहेरून आणलेल्या तेलाचा परदेशी चलनातला भार सगळा देश उचलतो, मग युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात डिझेल महागले तेव्हा वाढलेल्या नफ्यात देशाचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार आम्हालाही असला पाहिजे.

निर्यातदार तर आम्हीही आहोत. 2021-22 मध्ये भारतातून सुमारे 7.76 अब्ज डॉलरचे सागरी पदार्थ निर्यात झाले. त्यात मोठा वाटा कोळंबीचा, तीही बरीचशी तळ्यांतली, हे मला माहीत आहे. पण आमची माकुळ आणि बला ही मासळी याच धक्क्यावरून गोठवणीच्या कारखान्यात जाते आणि तिथून परदेशी. मात्र निर्यातीच्या डिझेलवर देशातल्या विक्रीला लागणारे उत्पादन शुल्क नाही, आणि निर्यातीची मासळी पकडणाऱ्या डिझेलवर लिटरला 15 रुपये 80 पैसे आहे. त्यात 2 रुपये रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर आहे. आमची नौका कोणत्या रस्त्यावरून जाते, ते मला समजावून सांगावे. राज्याचा मूल्यवर्धित कर परतावा म्हणून मिळतो, पण किती महिन्यांनी मिळेल याची खात्री कोणी देत नाही, आणि तोवर व्याज आमच्या डोक्यावर चढत राहते.

माझ्या पतीची नौका मुंबई हायच्या बाजूलाही जाते. 1974 च्या फेब्रुवारीत 'सागरसम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाने तिथे तेल शोधले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. सासरे सांगत की त्या बातमीने किनाऱ्यावर पेढे वाटले होते, कारण आपल्या समुद्रातून तेल निघाले की आपल्याला ते स्वस्त मिळेल असे साध्या माणसांना वाटले होते. आज त्या प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरच्या परिघात जाळे टाकता येत नाही. सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे आणि आम्ही ते पाळतो. पण तिथल्या कच्च्या तेलाचा भाव जागतिक बाजारच ठरवतो, आणि मुंबईतल्या माहुलला तयार होणाऱ्या डिझेलची शुद्धीकरण केंद्रातली किंमत 2006 पासून अशा सूत्राने काढली जाते, की त्यात 80 टक्के वजन आयात डिझेलच्या भावाला असते आणि 20 टक्के निर्यातीच्या भावाला. म्हणजे जे डिझेल माहुलहून टँकरने आमच्या गावी येते, त्याच्या भावात न झालेल्या सागरी प्रवासाचे भाडे आणि विमा धरलेला असतो. समुद्र आमचा, जागा आम्ही सोडली आणि भाडेही आम्हीच भरायचे?

2015 च्या मार्चमध्ये दिल्लीत 'ऊर्जा संगम' परिषदेत पंतप्रधानांनी सांगितले होते की, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीपर्यंत, म्हणजे 2022 पर्यंत, तेलाच्या आयातीवरील अवलंबित्व 77 टक्क्यांवरून 67 टक्क्यांवर आणायचे. पंचाहत्तरी सतरा दिवसांवर आली आणि अवलंबित्व 85 टक्क्यांवर पोहोचले. हे उद्दिष्ट का चुकले, याचा खुलासा आमच्यापर्यंत तरी आलेला नाही. आमच्या संस्थेने वार्षिक अहवालात एक आकडा चुकवला तर लेखापरीक्षक लेखी जबाब मागतो.

निर्यात कर अर्थ मंत्रालयाचा, मूल्यवर्धित कर राज्याचा, घाऊक दर कंपन्यांचा आणि मच्छीमार मत्स्यव्यवसाय खात्याचे, हे उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण गेल्या चार महिन्यांत प्रत्येक टेबलावर त्यातला एकेक तुकडा मिळाला आहे. चारही ठिकाणचे अधिकारी सभ्यपणे बोलले. परंतु या चौघांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणूस बुडाला, तर त्याला बाहेर काढण्याचे काम कोणाचे, हे कोणत्याच शासन निर्णयात लिहिलेले नाही.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. मच्छीमार सहकारी संस्थांना घाऊक ग्राहकांतून वगळून किरकोळ दराने डिझेल द्यावे. नौकेच्या डिझेलवरचा रस्ते उपकर काढावा. आणि पंप कोरडे पडतील तेव्हा निर्यातीआधी देशाची गरज भागवण्याची अट विशेष आर्थिक क्षेत्रालाही लागू करावी. पहिल्या मागणीसाठी कायदा बदलावा लागत नाही, आपण कंपन्यांना एक पत्र लिहावे लागते.

सोमवारी आमची नौका 2,000 ऐवजी 1,200 लिटर घेऊन निघेल. तेवढ्यात ती दूरच्या पाण्यात जाऊ शकणार नाही, जवळ जे मिळेल ते घेऊन परतेल. नारळी पौर्णिमा 11 ऑगस्टला आहे. त्याआधी संस्थेच्या पंपावरचा दर बदलला, तर उरलेले 800 लिटर भरता येईल.

आपली,
रायगड किनाऱ्यावरील एक नौकामालकीण