पाटणादेवीला शिलालेख वाचून दाखवणाऱ्या सरांना

सर, सा. न. वि. वि.

नाव विचारलं तर "निवृत्त मास्तर" एवढंच म्हणालात, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. चाळीसगावकडचं कुणीतरी तुम्हाला ओळखेल आणि वाचून दाखवेल.

पाटणादेवी आमच्या सासरची कुलस्वामिनी. पुतण्याचं जाऊळ होतं. ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा, डोंगरी नदीच्या काठी जेवायचं आणि उन्हं उतरायच्या आत निघायचं, असा आमचा दरवेळचा शिरस्ता. तुम्ही म्हणालात, "माय, इतली घाई कसाले? जराखं बस." आणि त्या अक्षरांच्या दगडापुढे आम्हा सगळ्यांना बसवलंत.

देवीच्या देवळात शाळेचा हिशेब कोरलेला असेल, असं आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी, आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ स्थापतो. निकुंभ घराण्यातला सोइदेव त्याला दान देतो. हे सगळं संस्कृतात. मग तुम्ही बोट खाली नेलंत आणि म्हणालात, आता आपली मराठी. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला आणि तेलाच्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला! सर, माझं माहेर तेल्याचं. तिथल्या घाणेवाल्यांच्या तेलावर गणिताचे विद्यार्थी शिकले, हे ऐकून मला काय वाटलं ते तिथे सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. म्हणून इथे सांगते, डोळे भरून आले होते.

तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढंच सांगत होतात, तेही मला फार आवडलं. आमचे मामंजी म्हणाले, "म्हणजे भास्कराचार्य इथलेच." तुम्ही त्यांना न दुखावता सांगितलंत की लेखात मठ आहे, नातू आहे, घराण्याची वंशावळ आहे. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं लिहिलंय आणि ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मामंजी वाटेत गाडीत तेच इतरांना समजावत होते.

महादेवाच्या देवळाचंही तसंच. आम्ही सगळे त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. तिथला लेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा. हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री झाला त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा. निकुंभ घराण्यातल्याच इंद्रराजाने काम सुरू केलं, तो गेला, मुलगा गोवन लहान, आणि राज्य सांभाळलं त्याची आई श्रीदेवी हिने. मागे राहिलेल्या बाईच्या कारभारात ते देऊळ पुरं झालं. माझ्या जाऊबाई त्या पायरीवर कितीतरी वेळ बसून होत्या. त्यांच्यावर काय गुजरलंय ते तुम्हाला माहीत नव्हतं, पण ती गोष्ट त्यांच्यापर्यंत बरोबर पोहोचली.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. शेजारच्या पोरांनी अक्षरं उठून दिसावीत म्हणून हळद चोळायला घेतली, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. मोबाईलचा उजेड आडवा धरायला लावलात आणि अक्षरं आपोआप उमटली. डॉ. भाऊ दाजी लाडांनी १८६५ च्या सुमारास मठाचा हा लेख अभ्यासकांपुढे आणला, तेव्हापासून किती जणांनी तो जपून वाचला असेल, म्हणालात. आता आमच्या घरातलं कुणी कुठल्याही जुन्या दगडाला हळद-कुंकू किंवा तेलरंग लावू देणार नाही. मी स्वतः लक्ष ठेवते.

निघताना तुम्ही बहाळचं नाव घेतलं होतंत. गिरणाकाठच्या त्या गावात भास्कराचार्यांच्याच घराण्यातल्या अनंतदेवाने शके ११४४ मध्ये देवीचं देऊळ बांधलं, तिथेही लेख आहे, असं. दिवाळीनंतर तिकडे जायचं ठरवतोय. तुम्ही सोबत याल का? गाडी घरापर्यंत येईल. डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत आमच्याकडून.

आपली,
पाटणादेवीची एक सासुरवाशीण