काकांच्या स्लाइडी आणि १२ नंबरची फेरारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या फोटोंपैकी लाल फेरारीचा आधी घेतो, कारण त्याचं साल लागलं की त्या डब्यातल्या निम्म्या स्लाइडी आपोआप जागेवर बसतील. काकांनी स्लाइडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं ‘ब्रँड्स हॅच, लाउडा, ७६’ असं लिहिलंय. जागा (इंग्लंडमधला शर्यतीचा ट्रॅक) बरोबर आहे, माणूसही (फेरारीचा ड्रायव्हर लाउडा) बरोबर आहे, साल मात्र १९७४ हवं. ते कसं, हे सविस्तर लिहितो. ही रीत एकदा हाताखालून गेली की बाकीच्या स्लाइडी तुझ्या तुला लावता येतील.

पहिली खूण नंबर, तुझ्या फोटोत तो १२ आहे. १९७४ च्या आधी फॉर्म्युला वनमध्ये दर शर्यतीला नंबर वेगळे मिळत. एकच ड्रायव्हर एका शर्यतीत ७ आणि पुढच्या शर्यतीत १८ असू शकायचा. १९७४ पासून नंबर वर्षभरासाठी ठरू लागले, आणि आदल्या वर्षीच्या विजेत्याला १ नंबर. फेरारीकडे ११ आणि १२ आले. लाउडाच्या गाडीवर १२ नंबर होता तो १९७४ आणि १९७५ या दोनच मोसमांत. १९७५ मध्ये तो जगज्जेता झाला, म्हणून १९७६ मध्ये त्याच्या गाडीवर १ आणि फेरारीचा दुसरा ड्रायव्हर रेगाझोनी याच्या गाडीवर २. त्या वर्षी ११ आणि १२ मॅक्लारेनकडे होते, हंट आणि मास यांच्या गाड्यांवर. म्हणजे ७६ सालची १२ नंबरची फेरारी असूच शकत नाही. १९७७ मध्ये ११-१२ फेरारीकडे परत आले, पण तेव्हा १२ नंबरवर रॉयटेमान होता. १९७८ आणि १९७९ मध्ये त्या नंबरवर जिल व्हिलनव्ह.

दुसरी खूण ड्रायव्हरच्या डोक्यामागची. इंजिनाला हवा पुरवणारा तो उंच एअरबॉक्स पाहिलास? तो १९७६ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून, म्हणजे त्या वर्षीच्या मे महिन्यापासून, नियमानं बंद झाला. त्यानंतरच्या फेरारीत हवेची तोंडं कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना खाली गेलेली दिसतात. सत्तरच्या दशकातला कुठलाही फोटो हाती आला की मी आधी तिथंच बघतो. गाडीचं मॉडेल ओळखता आलं नाही तरी एअरबॉक्स उंच की बुटका एवढं कुणालाही सांगता येतं.

उंच एअरबॉक्स आणि १२ नंबर, म्हणजे १९७४ किंवा १९७५. आता जागा. त्या काळात ब्रिटिश ग्रांप्री आलटून पालटून व्हायची, विषम वर्षी सिल्व्हरस्टोनला आणि सम वर्षी ब्रँड्स हॅचला. सिल्व्हरस्टोन हा जुना विमानतळ, सगळीकडे सपाट. ब्रँड्स हॅच खळग्यात आहे, उतारावर प्रेक्षक बसलेले, मागे झाडी. काकांच्या फोटोत रस्ता खाली घसरतोय आणि गर्दी वर चढत गेलीय. सिल्व्हरस्टोनचे फोटो वेगळे निघाले तर त्यांत वुडकोट वळण शोध. तिथं १९७५ मध्ये शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) घातलं, त्यामुळे शिकेन दिसलं की तो फोटो त्याआधीचा नाही.

इथं बरेच जण एक गोष्ट विसरतात. त्या काळी अजिंक्यपदाच्या गुणांशी संबंध नसलेल्याही फॉर्म्युला वन शर्यती होत. ब्रँड्स हॅचला ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’ आणि सिल्व्हरस्टोनला ‘इंटरनॅशनल ट्रॉफी’. १९७४ ची रेस ऑफ चॅम्पियन्स मार्चमध्ये भर पावसात झाली. इक्स या ड्रायव्हरनं लोटसमधून लाउडाला मागे टाकून ती जिंकली. म्हणजे १९७४ मध्ये ब्रँड्स हॅचला लाउडा दोनदा आलेला आहे, आणि दोन्ही वेळा उंच एअरबॉक्सच होता. फरक कपड्यांत नि टायरांत. तुझ्या फोटोत रस्ता कोरडा आहे, टायरांना खाचा नाहीत आणि कठड्याला टेकलेले लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहेत. ती जुलैतली ग्रांप्री.

आणखी पक्कं करायचं असेल तर पिटमधल्या (शर्यतीत गाड्या थांबतात त्या जागेतल्या) स्लाइडी काढ. टायरवरचं नाव धावत्या गाडीत क्वचितच वाचता येतं, उभ्या गाडीत स्पष्ट दिसतं. फायरस्टोन १९७४ संपताच फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. हेस्केथ संघाची पांढरी गाडी १९७४ आणि १९७५ या दोन्ही वर्षी २४ नंबरचीच होती, ड्रायव्हरही हंटच. पण ७४ मध्ये तिला फायरस्टोन, ७५ मध्ये गुडइयर. त्याच रोलमध्ये ती गाडी फायरस्टोनवर उभी दिसली, तर फेरारीच्या सालावर शंका उरणार नाही.

काकांनी ७६ का लिहिलं असेल याचाही मला अंदाज आहे. ब्रँड्स हॅच, लाउडा आणि नंतर बदललेला निकाल, हे दोन्ही वर्षी घडलंय. १९७४ मध्ये लाउडा पुढे होता, शेवटी टायर पंक्चर होऊन पिटमध्ये आला, आणि बाहेर पडायची वाट माणसांनी नि उभ्या गाडीनं अडलेली होती. त्याला निघताच आलं नाही. पुढे अपिलात पाचवा क्रमांक मिळाला. १९७६ मध्ये रस्त्यावर हंट जिंकला, दोन महिन्यांनी अपात्र ठरला आणि विजय लाउडाच्या नावावर लागला. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, फक्त एकमेकींत मिसळल्यात. म्हणून काकांचं लिखाण खोडू नकोस. त्याखाली वेगळ्या ओळीत आपलं साल आणि त्याची कारणं लिही. पिटच्या तोंडाशी जमलेल्या गर्दीची एखादी स्लाइड असेल तर ती कितीही धुरकट असली तरी ठेव. मला ती फेरारीपेक्षाही मोलाची वाटेल.

इतर स्लाइडींसाठी आणखी काही खुणा देतो. गाडीवर खांबांच्या आधारानं उंच उभ्या केलेल्या विंग (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख) दिसल्या तर काळ फार अरुंद होतो. १९६८ च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पाला फेरारी आणि ब्रॅबम संघांनी विंग आणल्या, त्या वाढत वाढत उंच झाल्या, आणि बार्सिलोनातल्या अपघातांनंतर १९६९ च्या मेमध्ये मोनाकोच्या सरावादरम्यान त्यांवर बंदी आली. गुळगुळीत स्लिक टायर १९७१ पासूनचे. लोटस हिरवी-पिवळी असेल तर १९६८ च्या सुरुवातीची किंवा त्याआधीची, लाल-पांढरी-सोनेरी असेल तर त्यानंतरची, काळी-सोनेरी असेल तर १९७२ किंवा पुढची. मिशलिनचे टायर १९७७ च्या आधी नाहीत, फेरारीवर तर १९७८ च्या आधी नाहीत. म्हणून १२ नंबरची, बुटक्या एअरबॉक्सची फेरारी सापडली, तर गुडइयर म्हणजे ७७ आणि मिशलिन म्हणजे ७८ किंवा ७९. सहा चाकांची टिरेल १९७६-७७. निळी-पांढरी फेरारी दिसली तर मला लगेच फोन कर. फेरारीनं ते रंग १९६४ च्या शेवटी अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला आणि मेक्सिकोला वापरले होते, आणि सर्टीझ मेक्सिकोत त्याच रंगाच्या गाडीतून जगज्जेता झाला.

एक सावधगिरी. या जुन्या गाड्या आजही धावतात. गुडवुडचा सोहळा १९९३ पासून होतो, मोनाकोची ऐतिहासिक ग्रांप्री १९९७ पासून. त्यामुळे ७८ ची लोटस दिसली म्हणून फोटो ७८ चा ठरत नाही. टायरवर एव्हन लिहिलेलं असेल, ड्रायव्हरच्या खांद्यांवर मानेचा आधार असेल, कठड्यापलीकडे लोकांच्या हातात मोबाइल असतील, तर फोटो अलीकडचा. काकांच्या डब्यात हा प्रश्न येणार नाही, पण तू इतरांकडून फोटो मागवणार आहेस, तिथं येईल.

आता स्कॅनिंग. तू फोनवर काढलेले फोटो ओळखीपुरते ठीक आहेत, जपणुकीसाठी नाहीत. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असतं, पण खरा बारकावा त्याच्या बराच खाली थांबतो. टायरवरची अक्षरं वाचायची असतील तर फिल्म स्कॅनरवर ४००० डीपीआय लाव. पूर्ण फ्रेमला साधारण ५६०० बाय ३७०० पिक्सेल मिळतात. १६ बिटची टिफ फाइल सव्वाशे एमबीच्या आसपास होते. जागा खाईल, तरी मूळ प्रत टिफमध्येच ठेव आणि वाटायला वेगळी जेपेग काढ. फिल्म स्कॅनर मिळाला नाही तर मॅक्रो लेन्सनं कॅमेऱ्यावर काढता येतं. खाली चांगल्या प्रतीचा एलईडी पॅनल, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले बाकी दिवे बंद. कॅमेरा स्लाइडला समांतर आहे का हे बघायला स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेव. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आलं की झालं. हे केलं नाहीस तर एक कोपरा अंधुक येतो आणि दोष लेन्सला लागतो.

बऱ्याच स्लाइडी कोडाक्रोम (कोडॅकची रंगीत फिल्म) दिसतायत. त्यांवर स्कॅनरची धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेव. कोडाक्रोमच्या थरातून इन्फ्रारेड नीट पार होत नाही. स्कॅनर गडद कडांनाच धूळ समजतो आणि हेल्मेटच्या कडा, विंगचे तारेचे आधार पुसून टाकतो. कृष्णधवल निगेटिव्हचंही तेच. धूळ आधी हातपंपानं उडव, उरलेली संगणकावर एकेक ठिपका घेऊन काढ. रंग थोडा निळसर येईल, तो नंतर सुधारता येतो. पुठ्ठ्यावर महिना-सालाचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो काढून ठेव. मात्र तो फिल्म धुतल्याचा महिना असतो. जुलैत काढलेला रोल ऑक्टोबरमध्ये धुतलेला असू शकतो.

स्लाइड उलटी बसली नाही ना, हे नंबर आणि अक्षरांवरून कळतं. अक्षरं दिसत नसतील तर गिअरचा दांडा बघ, त्या काळच्या बहुतेक फॉर्म्युला वन गाड्यांत तो ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असे. आणि कृपा करून कडा कापू नकोस. गाडी मध्यभागी सुंदर दिसावी म्हणून लोक कापतात आणि नेमकी पाटी, मार्शल, कठडा, मागची गाडी हेच निघून जातं. वरच्या सगळ्या हिशेबात गाडीइतकीच मदत कडांची झालीय.

डोंबिवलीच्या पावसाळ्याची मला खरी काळजी आहे. तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात जाळीसारखं दिसतंय, ती बुरशी असावी. पाणी अजिबात लावू नकोस. बुरशीनं जिलेटिनचा थर पाण्यात विरघळण्याजोगा झालेला असतो, ओलं फडकं फिरवलंस तर चित्रच निघून येईल. कोरड्या मऊ ब्रशनं, खिडकीजवळ, बाकीच्या स्लाइडींपासून लांब झटक. त्यापुढे गरज पडली तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी एखाद्या टाकाऊ स्लाइडवर करून पाहून. काचेच्या चौकटीतल्या स्लाइडी आधी उघड, त्यात ओल अडकून राहते. नंतर सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून. काटा ३० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत घाल. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती मात्र हवाबंद ठेवू नकोस. ती वेगळी, हवेशीर जागी ठेव आणि सगळ्यात आधी स्कॅन कर. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या आण.

तळाशी असलेल्या शोलावरमच्या फोटोंबद्दल. मद्रासजवळची ती युद्धकाळातली धावपट्टी, ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडच्या सिंगल-सीटर शर्यती तिथं होत. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला. युरोपातल्या शर्यतींच्या नंबरांच्या याद्या सहज मिळतात, शोलावरमच्या तशा मिळत नाहीत, म्हणून तुझ्या डब्यातले हेच फोटो मला सर्वांत जास्त हवेत. इथं पार्किंगमधल्या गाड्या कामाला येतात. मारुती ८०० दिसली तर फोटो १९८३ च्या डिसेंबरनंतरचा. राज्याची दोन अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा असलेली नवी नंबरप्लेट दिसली तर १९८९ किंवा त्यानंतरचा. जुन्या पद्धतीच्या प्लेटवरून काहीच सिद्ध होत नाही, त्या गाड्या पुढेही वर्षानुवर्षं फिरत होत्या.

काकांशी बसशील तेव्हा आधी साल सांगू नकोस. स्लाइड दाखव आणि ते काय बोलतात ते फोनवर रेकॉर्ड कर. कुठल्या बाजूला बसला होतात, ऊन अंगावर होतं की पाठीवर, येताना ट्रेननं आलात की कुणाच्या गाडीतून, कॅमेरा कोणता, असं विचार. ‘हे ७४ चं ना?’ असं विचारलंस की ते ‘हो’ म्हणतील आणि त्यांची स्वतःची आठवण तिथंच झाकली जाईल. शोलावरमच्या फोटोंतल्या मेकॅनिकांची नावं आधी विचार. ड्रायव्हरांची नावं कुठे ना कुठे छापलेली सापडतील.

पुढच्या खेपेला मला तीन गोष्टी पाठव. फेरारीच्या स्लाइडच्या पुठ्ठ्याची मागची बाजू, त्याच रोलमधल्या पिटच्या सगळ्या फ्रेम क्रमानं (क्रमांक पुठ्ठ्यावर नसेल तर पुठ्ठ्याखाली दबलेल्या फिल्मच्या कडेला असतो), आणि शोलावरमच्या त्या फोटोचं मोठं स्कॅन ज्यात पांढऱ्या सिंगल-सीटरच्या मागे पत्र्याची पिंपं रचलेली दिसतात. त्या गाडीच्या नाकावर काहीतरी लिहिलंय, फोनवरच्या फोटोत लागत नाही.

काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मकरंद