विंचवर बसलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात हे परवा हेलिपॅडवर कळलं. समोरासमोर आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितोय.

अरबी समुद्रातल्या त्या तेलविहिरीच्या रिगवर माझी पहिलीच १४ दिवसांची पाळी होती. सीझियम-१३७ चा सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी कुपी, शील्डमधून (किरण अडवणाऱ्या जाड डब्यातून) काढून टूलमध्ये, म्हणजे केबलने विहिरीत सोडायच्या मोजणीच्या उपकरणात, बसवायचा होता आणि लांब दांडी धरलेले माझे हात थरथरत होते. मुठीत मावेल एवढी ती कुपी! तुम्ही म्हणालात, "घाबरू नकोस, पण रेंगाळू पण नकोस. दुप्पट लांब राहिलास तर किरणांची मात्रा चौथाई होते."

लॉग, म्हणजे टूलने खोलीनुसार काढलेला खडकाच्या मोजणीचा आलेख, वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. सीझियमचे गामा किरण खडकात शिरतात. खडक जितका घट्ट, तितके कमी परततात. चुनखडकाच्या कणांची घनता २.७१, आणि लॉग २.३ दाखवतोय, म्हणजे पाणी भरलेलं धरलं तर जवळजवळ २४ टक्के पोकळी. टूलमधल्या दुसऱ्या सोर्समधून निघणाऱ्या न्यूट्रॉनचं कोडं तुम्ही कॅरमवर सोडवलंत. स्ट्रायकर कडेवर आपटला तर तसाच परत येतो, सोंगटीला नेमका लागला तर वेग तिला देऊन बसतो. हायड्रोजन न्यूट्रॉनच्याच वजनाचा, म्हणून पाणी किंवा तेल असेल तिथे न्यूट्रॉन लवकर मंदावतात. गॅसमध्ये हायड्रोजन विरळ, म्हणून तिथे लॉगवरच्या घनतेच्या आणि न्यूट्रॉनच्या रेषा एकमेकींना छेदून जातात. इतकं सोपं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ती रात्र. टूल विहिरीत अडकलं, दोन्ही सोर्ससकट. केबलवरचा ताण वाढत होता, वरून "अजून ओढा" म्हणत होते. तुम्ही केबल ओढणारा विंच थांबवलात. केबल कमकुवत जोडावर तुटली असती तर टूल खालीच राहिलं असतं. न्यूट्रॉनच्या सोर्समधल्या अमेरिशियमचं अर्धायुष्य ४३२ वर्षं! काढता आलं नाही तर वर रंगीत सिमेंट ओतून विहिरीचा तो भाग कायमचा बुजवायचा, म्हणजे पुढे कुणी चुकूनही तिथे ड्रिल करणार नाही.

मग टूल पकडून काढायला केबल वरच कापून, ती पाइपांमधून ओवत एकेक पाइप खाली सोडायचं काम सुरू झालं. तुम्ही मला किरणोत्सर्ग मोजायचा मीटर देऊन विहिरीतून परत येणाऱ्या मडपाशी (ड्रिलिंगच्या चिखलापाशी) उभं केलंत. सोर्सला तडा गेला असता तर पहिली खूण तिथेच दिसली असती. रात्रभर मी काट्यावरची नजर हलवली नाही. दर अर्ध्या तासाने तुम्ही विचारायचात, "किती?" मी आकडा सांगायचो, तुम्ही वहीत लिहायचात. काटा नेहमीच्या आकड्यावरून हललाच नाही.

पहाटे टूल वर आलं. सोर्स शील्डमध्ये घालायला तुम्ही दांडी माझ्याच हातात दिलीत. तेव्हा हात थरथरले नाहीत, काका. ते तुमच्यामुळे.

आंब्याच्या दिवसांत भेटायला येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
त्या रात्रीचा ट्रेनी