थॉमस हेदरविक यांचे काम

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डिझायनर म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा कपडेच डोळ्यांपुढे येतात. म्हणून थॉमस हेदरविक या ब्रिटिश डिझायनरविषयी चार ओळी. जन्म १९७० चा, लंडनचा. स्वतःचा स्टुडिओ १९९४ पासून.

लंडनच्या पॅडिंग्टन बेसिनमधला त्यांचा पादचारी पूल मला फार आवडतो. पूल उघडताना मधोमध दुभंगत नाही. त्याचे आठ भाग हायड्रॉलिक दट्ट्यांच्या जोरावर हळूहळू वर उचलले जातात आणि पैसा नावाचा किडा अंग आक्रसून घेतो तसा अख्खा पूल काठावर वेटोळे करून बसतो! २०१० च्या शांघाय प्रदर्शनातले ब्रिटिश दालन तर साठ हजार पारदर्शक अ‍ॅक्रिलिक दांड्यांचे होते आणि दांड्यांच्या टोकांत बिया जपलेल्या. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली २०४ तांब्याच्या पाकळ्यांची ज्योत अनेकांना आठवत असेल. प्रत्येक पाकळी एकेका संघाची.

मात्र न्यूयॉर्कमधल्या ‘व्हेसल’बद्दल माझे मत कठोर आहे. २०१९ मध्ये खुल्या झालेल्या या जिन्यांच्या मनोऱ्यावर आत्महत्या घडल्या आणि २०२१ मध्ये तो बंद करावा लागला. कठड्यांच्या उंचीबद्दल आधीच इशारे दिले गेले होते. ते वेळीच ऐकायला हवे होते.

वास्तुकला शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो पूल आणि हा मनोरा एकाच तासाला शिकवावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे