वेडिंगहून पत्र : खोली लांब का घेतली

बर्लिन, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा, आई आणि आजी यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "विद्यापीठ शहराच्या एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला, असं कसं केलंस?" मी उत्तर द्यायच्या आत आईनं फोन घेतला आणि बोलणं जेवणाखाणावर गेलं. प्रश्न मात्र आठवडाभर माझ्याजवळच राहिला. आज इथं दुकानं बंद, रस्ता शांत, सव्वाचारलाच काळोख पडेल. सावकाश लिहिते.

बाबा, तुम्ही स्टँडवर कंट्रोलर असताना लोक विचारायचे, अमुक गाव किती लांब आहे? तुम्ही म्हणायचात, किलोमीटर विचारू नका, शेवटची गाडी कधी आहे ते विचारा. खोली शोधताना मी तेच केलं. हे शहर ८९१ चौरस किलोमीटर पसरलंय. नकाशावर बोट ठेवून जवळ-लांब ठरवायला गेलं तर फसायला होतं. एखादी खोली विद्यापीठापासून चार किलोमीटरवर असते, पण मध्ये दोन बस बदलाव्या लागतात. माझी वेडिंग भागातली खोली खूपच लांब, पण भुयारी रेल्वेच्या दोन लाइनींत काम होतं.

माझं स्टेशन आमरूमर श्ट्रासे. घरापासून चालत पाच मिनिटं. तिथून यू९ ही लाइन पकडायची, प्राणिसंग्रहालयाच्या स्टेशनावरून पुढं श्पिशर्नश्ट्रासेला उतरायचं, गाडी बदलून यू३ धरायची आणि टीलप्लात्सला उतरायचं. दारापासून वर्गापर्यंत पाऊण तास. पुण्यात असताना सदाशिव पेठेतून हिंजवडीला जाणाऱ्या मैत्रिणींना याहून जास्त वेळ लागायचा, आणि त्यांना बसायला जागाही मिळत नसे. मी सकाळी बसून जाते, वाचत जाते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ही गाडी रात्रभर चालू असते. इतर दिवशी मध्यरात्रीनंतर बंद होते, तेव्हा एन९ नावाची बस त्याच मार्गानं धावते. शेवटची गाडी चुकली तरी मी रस्त्यावर पडत नाही. खोली पाहायला जायच्या आधी मी हेच पाहिलं होतं.

या यू९ची हकीकत तुम्हाला आवडेल. शहर पूर्व आणि पश्चिम असं वाटलं गेलं होतं तेव्हा पश्चिमेतल्या माणसाला उत्तरेकडून दक्षिणेला जायचं तर जुन्या लाइनी पूर्वेच्या हद्दीखालून जायच्या. म्हणून पूर्वेला टाळून जाणारी ही नवी लाइन खणली. ती सुरू झाली २८ ऑगस्ट १९६१ ला, म्हणजे दोन्हींच्या मध्ये बर्लिनची भिंत घातल्यावर अवघ्या दोन आठवड्यांनी. आणि जुन्या यू६ आणि यू८ वरच्या गाड्या पूर्वेखालच्या बहुतेक स्टेशनांवर न थांबता, मंद दिव्यांच्या रिकाम्या फलाटांवरून १९८९ पर्यंत जात राहिल्या. रोज यू६ वरून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहते तेव्हा वाटतं, यांनी ते फलाट काचेतून पाहिले असतील.

आता दालेमबद्दल. विद्यापीठ तिथं आहे, आणि तिथंही एक खोली मला मिळत होती. मोठा बंगला, मागं बाग, वयस्कर घरमालक जोडपं, वर्गापर्यंत चालत दहा मिनिटं. आई, तुला ती खोली नक्की पसंत पडली असती. मी ती तीनदा पाहिली. पहिल्यांदा दुपारी, तेव्हा फारच सुंदर वाटली. दुसऱ्यांदा मुद्दाम संध्याकाळी सहा वाजता गेले. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत एकही माणूस भेटला नाही, एकही उघडं दुकान नाही, दोन्हीकडं उंच झाडं आणि कुंपणं. तिसऱ्यांदा रविवारी गेले, तर दिवसासुद्धा तसंच. भीतीचं काही नव्हतं, भाग अगदी सुरक्षित आहे. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं चार महिने रोज काळोखात एकटीनं त्या रस्त्यानं यायचं, आणि आल्यावर वरच्या खोलीत एकटीनंच बसायचं, हे मला झेपणार नाही असं मनानं सांगितलं. शिवाय स्वयंपाकघर सामायिक, पण रात्री आठनंतर वापरायचं नाही अशी अट. माझे काही तास आठला सुटतात. घरी येऊन भात टाकायचा कधी?

वेडिंगमध्ये मी पहिल्यांदा गेले तेच संध्याकाळी सातला. लिओपोल्डप्लात्स स्टेशनातून बाहेर पडले तर समोर माणसंच माणसं. तुर्की भाजीवाल्याकडं कोथिंबिरीच्या आणि पुदिन्याच्या जाड जुड्या, काटेरी देठांची छोटी वांगी, भेंडी, पोत्यांत मसूर. बायका पिशव्या भरून घेत होत्या, पोरं पायात घुटमळत होती. मला एकदम साताऱ्याच्या पोवई नाक्यावरची संध्याकाळ आठवली आणि गळा दाटून आला. भाग गरिबांचा, कामगारांचा म्हणून ओळखला जातो. कचरा आहे, चौकात दारू पिऊन बसणारे लोक आहेत, हे मी लपवत नाही. काही ओळखीच्यांनी मला इथं राहू नकोस असंही सांगितलं. मी स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता रात्री साडेदहाला चालून पाहिला. बेकरी, औषधांचं दुकान, लॉन्ड्री, कोपऱ्यावर उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान; वाटेत कुणी ना कुणी जागं. मग ठरवलं.

इथं मोहल्ल्याला कीत्स म्हणतात. शहराचे कारभारासाठी बारा विभाग आहेत, पण माणसं आपल्या कीत्सचं नाव सांगतात, जसं साताऱ्यात आपण सदर बझार किंवा शनिवार पेठ म्हणतो. माझा श्प्रेंगेलकीत्स. एका बाजूला कालवा आहे, त्याच्या काठानं चालत गेलं की रॉबर्ट कॉख यांच्या नावाची ती प्रसिद्ध संस्था लागते. क्षयाचा जंतू शोधणारे कॉख, आजी, तुझ्या आईला जो आजार होता तो. त्यांची समाधीही त्याच इमारतीत आहे.

घराबद्दल आईनं विचारलं होतं, ऊन येतं का. खरं सांगते, थोडंच येतं. इथली शंभर-सव्वाशे वर्षांची घरं वाड्यासारखी असतात: रस्त्याकडची इमारत, आत चौक, चौकाच्या बाजूची इमारत आणि पाठीमागची इमारत. रस्त्याकडं पैसेवाले, आत गरीब, अशी पूर्वीची रीत. चौक किती लहान असावा याचा नियम १८५३ साली ठरला होता: ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. का, तर आगीचा बंब आत येऊन वळला पाहिजे. माणसाला उजेड किती लागतो याचा हिशेब त्यात नव्हता, आणि मला हे वाचून फार वाईट वाटलं. पुढं चौक मोठे झाले. आमचा बराच मोठा आहे, मध्ये चेस्टनटचं झाड आहे. मी बाजूच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. सकाळी तासभर ऊन टेबलावर येतं, तेव्हा मी खुर्ची तिकडं ओढून घेते.

खोलीचं भाडं गरम ५४० युरो. गरम म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. जाहिरातीत कुठलं लिहिलंय ते आधी पाहायचं, नाहीतर महिन्याचं गणित कोसळतं. तुम्ही कर्ज काढून खात्यात भरलेल्या ११,९०४ युरोंतून मला दरमहा ९९२ सुटतात. त्यातून भाडं आणि विमा गेला की उरलेल्यात नीट भागतं. दालेमची खोली ६५० होती. मधला ११० युरोंचा फरक मी दर महिन्याला बाजूला ठेवते आहे.

घरात आम्ही तिघी. एक ड्रेस्डेनची, एक चिलीची. इथं घरमालक नाही, आधी राहणाऱ्या मुलीच नव्या मुलीला बोलावून चहा पाजतात आणि पसंत करतात. मी पहिल्याच भेटीत विचारलं, "मी रोज मोहरी-हिंगाची फोडणी देणार, घरभर वास जाईल, चालेल ना?" ड्रेस्डेनची म्हणाली, खिडकी उघडू आणि आम्हालाही वाढ. असं आधी विचारलेलं बरं. ज्या घरात स्वयंपाकाची चोरी वाटते तिथं माणूस दोन वर्षं राहू शकत नाही.

आई, मामाची मुलगी पुढच्या वर्षी इकडं यायचं म्हणतेय, तिला हा भाग वाचून दाखव. सप्टेंबरमध्ये मी एका जाहिरातीला उत्तर दिलं. फोटो सुंदर, भाडं कमी. माणूस म्हणाला, मी परदेशात आहे, अनामत पाठव, किल्ली टपालानं येईल. मी पैसे पाठवायच्या बेतात होते. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या माझ्या जुन्या वर्गमैत्रिणीनं थांबवलं, म्हणून वाचले. स्वतः आत पाऊल टाकून पाहिल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकीच घेता येते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. बरेच जण स्वस्तात खोली देतात पण तो कागद देत नाहीत. तशी खोली फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्या नोंदीवर पुढं कराचा नंबर आणि बाकी सगळंच अवलंबून असतं.

बाबा, आता तुमच्या आवडीचं. इथं स्टेशनावर फाटक नाही, कंडक्टर नाही. सरळ आत चालत जायचं. तिकीट असणारच असं धरलेलं असतं. मधूनच साध्या कपड्यांतले तपासनीस चढतात, आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. साधं एका फेरीचं तिकीट २०२५ मध्ये ३.८० युरोचं, दोन तास चालतं. आम्हा विद्यार्थ्यांना फीबरोबरच सहामाहीचा पास घ्यावा लागतो, २०२५ च्या हिवाळी सहामाहीला २०८.८० युरोंचा, आणि त्यावर सगळ्या जर्मनीतल्या शहरबस, ट्राम, भुयारी गाड्या आणि लोकल गाड्या चालतात. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या वगळून. पहिल्या रविवारी मी त्या पासावर शहराची प्रदक्षिणा केली. वर्तुळाकार लाइन आहे, एस४१ घड्याळाच्या दिशेनं, एस४२ उलट, आणि बरोब्बर एका तासात बसल्या जागी परत. भिंतीमुळं हे वर्तुळ तुटलं होतं. शेवटचा तुकडा २००२ साली जोडला, तो आमच्याच इथला, वेस्टहाफेन ते गेझुंडब्रुनेन. गाडी त्या तुकड्यावरून गेली तेव्हा मी उभी राहून पाहत होते.

ट्राम तर तुम्हाला दाखवायचीच आहे. पश्चिम बर्लिननं १९६७ पर्यंत सगळ्या ट्राम मोडीत काढल्या, पूर्वेनं ठेवल्या. म्हणून अजूनही ट्रामचे रूळ दिसले की समजावं, बहुधा आपण पूर्वेत आहोत. पहिली ट्राम पश्चिमेत परत आली १९९५ मध्ये, आणि ती आमच्या वेडिंगमध्ये. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावरून ती येते. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीतला सगळ्यात आधी जो नाका उघडला तो हाच पूल. मागच्या रविवारी, बरोबर त्याच तारखेला, तुमचा फोन ठेवल्यावर मी एम१३ ट्रामनं तिकडं गेले. लोक मेणबत्त्या लावत होते. एक आजोबा नुसतेच पुलाच्या मधोमध उभे होते, कितीतरी वेळ.

आजी, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. इरावतीबाई कर्वे, ज्यांचा धडा तू आम्हाला वाचून दाखवायचीस, त्या १९२८ साली शिकायला बर्लिनलाच आल्या होत्या. आणि त्यांची संस्था दालेममध्ये, टीलप्लात्स स्टेशनापासून चार-पाच मिनिटांवर, इनेश्ट्रासे २२ मध्ये होती. इमारत आता आमच्या विद्यापीठाची आहे. माझं विद्यापीठ १९४८ चं, आपल्या एसटीच्याच वयाचं, पण ही इमारत आणि ही यू३ त्याच्या आधीची. टीलप्लात्सपर्यंत गाडी १९१३ पासूनच येते. त्यांचे मार्गदर्शक गोऱ्यांची कवटी वेगळी आणि म्हणून बुद्धी वरची असं मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा वंशावंशांत फरक दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, पंचविशीच्या आतबाहेर, आपल्याच गुरूच्या म्हणण्याविरुद्ध! पुढं नाझी काळात त्याच संस्थेनं फार भयंकर कामं केली. दारावर तसा फलक लावलाय. मी तिथं पहिल्यांदा उभी राहिले त्या दिवशी तासाला उशीर झाला, पण हलवेना.

पार्सल पाठवाल तेव्हा गोडा मसाला आणि हिंगच पाठवा, डाळी-भाज्या इथं मिळतात. पत्ता लिहिताना एक लक्षात ठेवा: इथं खोलीला किंवा मजल्याला नंबर नसतो, आणि जुन्या रस्त्यांवर घरनंबर एका बाजूनं शेवटपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूनं परत येतात, त्यामुळं बाराच्या समोर तेरा नसतो. पोस्टमन फक्त पेटीवरचं आणि घंटीवरचं नाव पाहतो. नाव जुळलं नाही तर पार्सल परत. म्हणून आपलं आडनाव रोमन लिपीत, ठळक आणि पासपोर्टवर आहे तसंच लिहा. चिलीच्या मैत्रिणीनं काल मला पट्टी छापून दिली, ती घंटीवर लावली आहे, वरून तिसरी.

तुमची,
धाकटी