धुतल्यावर कळतं

बोरोस, स्वीडन

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. थंडीचे कपडे पुरेसे आहेत, जेवण वेळेवर होतं. आईला सांगा.

विणकाम शिकायला एवढे पैसे भरून नुसते तुकडे का विणते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. बाबा, ते वाया जात नाहीत. इथे आधी वीतभर रुंदीचा नमुना विणतात, मागावरून कापतात आणि चक्क धुतात! कोरं कापड, गरम पाण्यात, साबण लावून. वाळवून, इस्त्री करून मगच मोजतात. मागावर कापड ताणलेलं असतं. खरी रुंदी पाणी लागल्यावर कळते. उभे धागे ओळीत धरणाऱ्या फणीत २० सेंमी असलेला सुती नमुना १८ भरला, तर दहा टक्के गेले. ५० सेंमीचा टॉवेल हवा तर फणीत ५६ घ्यायचे, सेंमीला १० प्रमाणे ५६० धागे. नमुना केलाच नाही, तर टॉवेल ४५चा निघतो आणि तोवर उभ्या धाग्यांचा सगळा ताणा संपलेला असतो. लाल रंग पांढऱ्यात उतरतो का, तेही तिथेच दिसतं.

आपण जुन्या ताण्याला नवा सांधतो, म्हणून धाग्यांची ओवणी सहसा चुकत नाही. इथे दर वेळी नव्याने ओवतात. त्यामुळे दोन बोटं विणलं की मागाखाली आरसा धरून उलटी बाजू बघायची. फणीचं घर रिकामं राहिलं तर उभी फट पडते. सुतात ती धुऊनही पुरती जात नाही. तिथपासून जवळच्या काठापर्यंतचे धागे काढून पुन्हा भरायचे. धागे उचलणाऱ्या चौकटींपैकी चुकीच्या चौकटीत धागा गेला असेल, तर बरोबर चौकटीवर दोऱ्याचा नवा फास बांधून तो एकच धागा त्यातून घ्यायचा. फासाचा डोळा शेजारच्यांच्या उंचीलाच हवा, नाहीतर धागा लोंबतो आणि आडवा धागा नेणारा धोटा त्यात अडकतो.

ताईच्या लग्नासाठी मी २० हजार पाठवलेत. कमी आहेत, माहीत आहे. आणि त्याच आठवड्यात माझी परीक्षा आहे. आईला तुम्हीच सांगाल का? मला फोनवर जमत नाही.

ताईच्या पैठणीचा ताणा हातभर जास्त घ्या. जांभळ्यावर तो नवा हिरवा कसा दिसेल, ते लडीवरून कळणार नाही. आधी वीतभर विणून उन्हात बघा. तो तुकडा मला पाठवा.

तुमची,
छकुली